सुगंधाने उदासी जाते का?

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी तरुण मंडळी हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. 'झोप नीट लागत नाही, कामाचा ताण आहे, कशातच मन रमत नाही. लॅव्हेंडरचं तेल, खोलीत वास पसरवणारा डिफ्यूझर, मूड नोंदवणारी ॲप्स, एवढ्यावर भागेल का? की डॉक्टरकडे जावंच लागेल?' खरी काळजी या प्रश्नाच्या मागे असते. गोळ्या एकदा सुरू झाल्या की कायमच्या मागे लागतील आणि घरी कळलं तर काय म्हणतील, याची ती भीती. सुगंधी तेलाच्या बाटलीबद्दल कोणी काही विचारत नाही. गोळ्यांच्या पाकिटाबद्दल मात्र घरात दहा प्रश्न येतात.

स्वतःच असं एक ॲप तयार करणारी एक मुलगी माझ्याकडे येत होती. तिच्यासोबत काम करताना या प्रश्नाचं उत्तर मला फार स्पष्ट दिसलं. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती पुण्यातल्या एका लहान कंपनीत डिझायनर, तिशीच्या अलीकडची. ॲपची कल्पना अशी, की वापरणाऱ्याने फोनवर आपली मनःस्थिती नोंदवायची आणि टेबलावर ठेवलेल्या छोट्या यंत्रातून त्या मनःस्थितीसाठी ठरवलेला वास सुटायचा. फोनमधून वास येणं शक्य नाही, म्हणून ब्लूटूथने जोडलेलं वेगळं यंत्र आणि त्यात तेलांच्या कार्ट्रिज. ताणासाठी लॅव्हेंडर, उदासीसाठी संत्र्याची साल, अस्वस्थतेसाठी चंदन.

"मॅडम, दिवसभर मी ही तेलं हुंगत असते आणि मला काहीच होत नाही," ती म्हणाली. पहाटे चारला जाग यायची, पुन्हा झोप लागायची नाही. जेवणात चव नव्हती. मैत्रिणींचे फोन ती उचलत नव्हती, रविवार अंथरुणातच जात होता. हे महिन्याहून जास्त काळ चाललं होतं. मग तिने मुख्य गोष्ट बोलून दाखवली. "मी औषध घेतलं तर मी जे बनवते आहे त्यावर माझाच विश्वास नाही, असं होईल ना?"

हे ऐकून मला तिच्याबद्दल फार कणव वाटली. आपलं दुखणं आणि आपलं काम यांची अशी गाठ बसली की माणूस मदत मागायलाच कचरतो.

आधी मी तिला नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं. कोविडनंतर कित्येकांची वासाची जाणीव मंदावली आहे आणि तसं असेल तर त्याचे उपाय वेगळे असतात. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, काही आठवडे लक्षपूर्वक हुंगण्याचा सराव त्यासाठी सांगतात. तिचं नाक ठीक निघालं. नैराश्यातही वास फिके वाटू शकतात, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुसरं, आम्ही नैराश्य किती आहे ते मोजणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, गुण ० ते २७. १० किंवा जास्त गुण आले की नीट तपासणी करून घ्यावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. तिचे गुण त्याच्या बरेच वर होते. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्यावर आम्ही वेगळं, सावकाश बोललो. तसे विचार नव्हते. पण उदासी दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली आणि झोप, भूक, काम तिन्हींवर परिणाम झाला, की मनोविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं असं माझं ठाम मत आहे. ती तयार व्हायला थोडा वेळ लागला. मी घाई केली नाही, पण विषयही सोडला नाही.

आता वासाबद्दल. वासाचा मनावर परिणाम होतो, हे खरंच आहे. आपल्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे वास-ग्राहक, म्हणजे वास टिपणारे रेणू, असतात. त्यांच्या शोधासाठी लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांना २००४ चं नोबेल मिळालं. नाकातून निघालेला संदेश मेंदूच्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोचतो. पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टींचा रस्ता त्या मानाने लांबचा. म्हणून एखाद्या वासाने क्षणात डोळे भरून येतात आणि कारण मागाहून आठवतं.

पण नेमक्या याच कारणाने, अमुक वास म्हणजे तमुक भावना असं कोष्टक मांडता येत नाही. रेचेल हर्झ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना तोच वास कधी चीजचा म्हणून दिला, कधी ओकारीचा म्हणून. नाव बदललं की आवडनिवड पालटली. अपेक्षा आणि आठवण यांचा वाटा एवढा मोठा आहे. त्यात आणखी एक अडचण, एकाच वासात काही मिनिटं बसलं की नाकाला त्याची सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. तासन् तास डिफ्यूझर चालवून वेगळं काही साधत नाही.

लॅव्हेंडरचं नाव घेतलं की जर्मनीतल्या कॅप्सूलचा दाखला हटकून दिला जातो. अस्वस्थतेसाठी तिथे लॅव्हेंडर तेलाची ८० मिलीग्रॅमची कॅप्सूल मिळते, हे खरं. मात्र ती ठरावीक मात्रेत गिळायची असते आणि तिच्यावरच्या अभ्यासांतून डिफ्यूझरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. उलट डिफ्यूझरचं तेल कोणी पोटात घेतलं तर ते धोक्याचं आहे, म्हणून हे मी आवर्जून सांगते.

आमच्या कामाला वळण मिळालं ते तिच्या ऑफिसातल्या एका प्रसंगाने. ॲपच्या चाचणीसाठी आलेल्या एका मध्यमवयीन गृहस्थांनी 'अस्वस्थ' हा पर्याय निवडला आणि यंत्रातून चंदन आलं. ते उठले आणि बाहेर निघून गेले. नंतर त्यांनी सांगितलं, की वडील गेले त्या दिवशी उशाशी चंदनाच्या उदबत्त्यांचा अख्खा पुडा लावला होता. तेव्हापासून त्यांच्या घरात चंदनाची उदबत्ती लागलेली नाही. हे सांगताना ती रडली. आपण एका माणसाला दुखावलं, आपलं सगळं काम फोल आहे, असं तिच्या मनाने धरलं होतं. एका प्रसंगावरून स्वतःबद्दल असा निकाल लावणं ही नैराश्यातली नेहमीची विचारपद्धत. त्या निकालाला पुरावा काय, हे आम्ही कागदावर मांडलं. पुराव्यातून निघालं ते इतकंच, की ॲपने त्या गृहस्थांना आधी काहीच विचारलं नव्हतं.

मग मी तिलाच विचारलं, तुझे वास कोणते? बराच वेळ तिला सांगता येईना. नंतर एक आठवण निघाली. आजोळी उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी असायची. पुढच्या सेशनपर्यंत एक जुडी आणायची आणि घरच्या पाण्यात टाकायची, एवढंच काम मी दिलं. त्यासाठी ती कित्येक दिवसांनी ऑफिसखेरीज कुठेतरी, मंडईकडे, गेली. जुडी किती वेळ भिजवायची हे आठवेना म्हणून तिने आईला फोन केला. बोलणं वाळ्यावरून सुरू झालं आणि पहाटेच्या जाग येण्यापर्यंत पोचलं. डॉक्टरकडे जाताना सोबत येते, हे आईच म्हणाली.

वाळ्याने तिची उदासी गेली, असं मी म्हणणार नाही. चालणं, बाजारातली माणसं, आईचा आवाज यांनी काम केलं आणि वासाने त्या दिशेला जायला एक कारण दिलं. उदासीत माणूस आधी हालचाल सोडतो, मग हालचाल नाही म्हणून उदासी वाढते. छोट्या, ठरवलेल्या कृतींनी हे चक्र उलटं फिरवणं हा नैराश्यावरच्या उपचारातला चांगला पारखलेला भाग आहे. टेबलावरचं यंत्र खुर्चीतून न उठता वास देतं, तेव्हा नेमका हाच भाग गळून पडतो. मला तरी ही या उपकरणांची मोठी उणीव वाटते.

तिच्या बॅगेत लॅव्हेंडरचं रोल-ऑनही असायचं. प्रत्येक मीटिंगच्या आधी मनगटाला लावायची सवय. एकदा ते घरी राहिलं आणि तिला मीटिंगआधी छातीत धडधडू लागलं. ताण घालवायला एखादी वस्तू नेहमी लागू लागली, की प्रत्येक वेळी श्रेय त्या वस्तूला जातं आणि 'माझं मी निभावलं' हे मनाला शिकायलाच मिळत नाही. म्हणून आधी साध्या मीटिंगना, मग अवघड मीटिंगना ती बाटलीशिवाय जाऊ लागली. सावकाश श्वास सोडणं मात्र चालू ठेवलं. तसंही वास घेताना आपण लांब श्वास घेतो आणि थांबतो. बरं वाटण्याचा काही वाटा त्याचाच असतो.

डॉक्टरांनी औषध सुरू केलं. नैराश्याच्या औषधांना परिणाम दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, हे आधी माहीत असल्याने तिने मध्येच सोडलं नाही. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते तशी या औषधांची चटक लागत नाही. पण ती अचानक बंद करायची नसतात आणि बरं वाटू लागल्यावरही काही महिने चालू ठेवावी लागतात. 'कायमचं मागे लागेल' ही भीती बहुधा या काही महिन्यांच्या सल्ल्यातून जन्मते. तिच्या 'माझाच विश्वास नाही' या प्रश्नावर मी तिला विचारलं, "या गोळ्यांनी बरं होणाऱ्या माणसाला तुझं ॲप काय देऊ शकेल?" त्यावर ती पुढचे कितीतरी दिवस विचार करत राहिली.

त्यातून तिने आराखडा बदलला. ॲप आता सुरुवातीला विचारतं की कोणते वास आठवणीतले आहेत आणि कोणते अजिबात नकोत. घरात दम्याचा रुग्ण, तान्हं बाळ किंवा मांजर आहे का, हेही विचारतं. काही तेलं त्यांना बाधतात. वास मोजकी मिनिटंच सुटतो आणि आधी-नंतर कसं वाटलं ते वापरणारा स्वतः नोंदवतो. काही दिवस ॲप कार्ट्रिज न वापरता बाहेर पाठवतं: कोपऱ्यावरचा मोगरा, कोथिंबिरीची जुडी, पहिल्या सरीनंतरची माती. सलग दोन आठवडे मनःस्थिती खाली राहिली तर डॉक्टरांना भेटण्याबद्दल साध्या शब्दांत सांगतं आणि 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या फोन-सेवेचा १४४१६ हा क्रमांक दाखवतं. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मोफत. मराठीतही बोलता येतं.

कार्ट्रिज विकणं हा कंपनीच्या उत्पन्नाचा भाग आहे, त्यामुळे 'बाहेर जा' सांगणाऱ्या दिवसांवर तिथे अजून वाद चालू आहे. ती आपल्या मताची बाजू मीटिंगमध्ये उभी राहून मांडते. औषध चालू आहे. माझ्याकडे ती आता महिन्यातून एकदा येते आणि पुढच्या वेळी वरिष्ठांसमोर काय बोलायचं, याची तयारी आम्ही करतो.