लेकीची परदेशातली इंटर्नशिप आणि दोन एकर वावर

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. मुलगी बी.एस्सी. ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कीटकशास्त्राची आवड आहे. एका एजंटाने डेन्मार्कमध्ये वर्षभराची पगारी इंटर्नशिप लावून देतो म्हटलं. साडेचार लाख मागतो, त्यातले पन्नास हजार याच महिन्यात. मुलगी म्हणते, परदेशातला अनुभव असला की पुढे अडणार नाही. रस्त्याला लागून असलेलं दोन एकर वावर विकायचा विचार आहे. विकू का?

नमस्कार भाऊ,

वावर विकू नका. पन्नास हजारही देऊ नका. पण लेकीने परदेशाचं मनात घेतलंय, ते मोडूही नका. तिचं जाणं आणि तुमचं वावर, या दोन गोष्टींची गाठ एजंटाने मारली आहे. ती आधी सोडवू.

डेन्मार्कची योजना खोटी नाही. शेतीचं शिक्षण घेणाऱ्या १८ ते ३० वयाच्या परदेशी मुलामुलींना शेतावर प्रशिक्षणार्थी म्हणून घ्यायची सोय तिथल्या कायद्यात आहे, आणि त्यांना पगार द्यावाच लागतो. पण तिथे काम काय असतं, हे त्याने सांगितलं का? यातल्या पुष्कळ जागा गाईंच्या मोठ्या गोठ्यांवर नाहीतर डुकरांच्या फार्मवर असतात. पहाटे उठून दूध काढायच्या यंत्राला गाई लावायच्या, वासरांना पाजायचं, शेण ओढायचं, आणि हे सगळं तिथल्या थंडीत. या कामाला मी कमी लेखत नाही. पशुपालनात पुढे जायचं त्याने ते जरूर शिकावं. तुमच्या लेकीला मात्र किडींचा अभ्यास करायचाय. वर्ष आणि साडेचार लाख घालवून ती परत येईल तेव्हा त्यातलं तिच्या विषयाच्या कामाचं फार थोडं हाती असेल.

आता एजंटाचं. पगारी कामासाठी माणसं परदेशी पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. असा एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो. त्याला नोंदणी क्रमांक विचारा, कोणत्या फार्मवर पाठवणार ते नाव-पत्त्यासह विचारा, आणि त्या फार्ममालकाने सही केलेला करार बघायला मागा. तो म्हणेल, ही नोकरी नाही, ट्रेनिंग आहे, नोंदणी लागत नाही. मग महिन्याचा पगार कशाचा, हे त्यालाच विचारा. ‘आधी पैसे भरा, मग कागद देतो’ म्हणाला तर तिथेच उठा.

इंटर्नशिप या एका शब्दाने आपल्याकडे फार घोटाळा झालाय. जपानच्या ‘टेक्निकल इंटर्न’ योजनेतही तीन-तीन, पाच-पाच वर्षं कारखान्यात नाहीतर शेतावर काम असतं. ज्याला तेच हवंय त्याने जावं, पण कॉलेजातल्या मुलीला जी इंटर्नशिप हवी असते ती ही नव्हे.

तिला हवी ती म्हणजे एखाद्या प्रयोगशाळेत, एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली तीन ते सहा महिने. यातल्या चांगल्या जागांना पैसे भरावे लागत नाहीत, उलट तेच देतात. जपानमधल्या ओकिनावाची ओआयएसटी ही संस्था संशोधन इंटर्न घेते, सौदी अरेबियातलं काउस्ट हे विद्यापीठही घेते. विमानाचं भाडं, राहायची सोय आणि खर्चाला भत्ता, सगळं त्यांच्याकडून. काउस्टमध्ये वाळवंटी शेतीवरही संशोधन चालतं. अर्ज मुलगी स्वतः वेबसाइटवर करते, मधे कुणी लागत नाही. स्पर्धा मात्र मोठी आहे, जगभरातून अर्ज येतात. पहिल्या खेपेला नाही झालं तर हातपाय गाळायचे नाहीत.

आणि इथेच मला तुमच्या लेकीशी थेट बोलायचंय.

बेटा, तू ज्या वावरात वाढलीस, तिथली गुलाबी बोंडअळी हा जगातल्या शास्त्रज्ञांचा विषय आहे. २०१७ साल तुमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. बोंडअळीही तेव्हाच आणि फवारणीची विषबाधाही. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, अमेरिकेने आपल्या कपाशीतून ही अळी संपल्याचं जाहीर केलं. बीटी कपाशीच्या जोडीला तिथे नपुंसक पतंग सोडले होते. ॲरिझोना विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्यावर पुष्कळ लिहिलंय. तिथे संपलेली अळी तुझ्या धुऱ्याच्या आत आहे. हे ज्याने डोळ्यांनी बघितलंय तो विद्यार्थी त्यांना रोज भेटत नाही.

म्हणून आजपासून एक वही घाल. वावरात एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लाव आणि रोज सकाळी पतंग मोज. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ किंवा जास्त पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली, हे तुला वर्गात शिकवलंय. डोमकळ्या, म्हणजे अळी आत असल्याने न उमललेली फुलं, मोज. आठवड्यातून एकदा वीस हिरवी बोंडं तोडून फोड, किती बोंडांत अळी निघाली ते लिही. बाबांनी फरदड ठेवली (हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवली) की पराटी वेळेत उपटली, शेजाऱ्याने काय केलं, पाऊस कधी पडला, तेही लिही. चौथ्या वर्षी ‘रावे’साठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात राहशील तेव्हा हीच वही वीस शेतकऱ्यांची कर. मुलं रावेचा अहवाल सिनिअरच्या फाइलवरून उतरवतात, हे बघून मला फार वाईट वाटतं. कारण दाखवण्यासारखं त्यांच्याकडे तेवढंच एक असतं.

माझ्याकडे संत्रा पट्ट्यातला एक मुलगा यायचा. ‘रिस्पेक्टेड सर’ अशी सुरुवात करून एकच ईमेल त्याने चाळीस प्राध्यापकांना पाठवला होता, एकाचंही उत्तर आलं नाही. मग आम्ही दोघांनी बसून सहाच जणांना लिहिलं. प्रत्येकाचा एक शोधनिबंध वाचून, दहा ओळींत, घरच्या बागेतली फळगळ त्याने कशी मोजली ते सांगून. दोघांनी उत्तर दिलं, त्यातल्या एकाने पुढे त्याला बोलावलं. इंग्रजी त्याचं साधंच होतं.

परदेशाच्या आधी एक उन्हाळा इथे कर. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी आणि दिल्ली, प्रयागराजच्या अकादमी मिळून समर फेलोशिप देतात. देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम, भत्ता आणि रेल्वेचं भाडं. अर्जाची वेळ दिवाळीच्या आगेमागे असते, आत्ताच बघ. ते नाही जमलं तर नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला आपल्या कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग आहे. कॉलेजचं पत्र आणि वही घेऊन जा. परदेशी अर्जाला शिफारसपत्रं लागतात, आणि तुझं काम जवळून बघितलेल्या माणसाचं पत्र वर्गशिक्षकाच्या चार ओळींपेक्षा जड पडतं.

भाऊ, खर्चाचं म्हणाल तर सध्या पासपोर्टचे दीड हजार रुपये, तोही दहा वर्षं चालतो. अर्ज भरायच्या आधी दहावीची मार्कशीट, आधार आणि जन्मदाखला शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि वडिलांचं नाव एका ठिकाणी ‘राव’ लावून तर दुसरीकडे नुसतंच. ऐन वेळी यातच महिने जातात. दुरुस्ती आत्ताच करून घ्या. शासनाच्या परदेश शिष्यवृत्त्याही आहेत, पण त्या तिकडच्या पदव्युत्तर पदवीसाठी आणि पीएचडीसाठी. ती पुढे एम.एस्सी.ला जायचं म्हणाली तर त्याचं सविस्तर बोलू.

एजंटाने काही छापील कागद दिला असेल तर त्याचा फोटो मला पाठवा. आणि तिला सांगा, वेचणीच्या गडबडीतही या आठवड्यात सापळे लाव, पहिल्या तीन रात्रींचे आकडे मला कळव.