दूध संकलन केंद्रांसाठी ॲप करतोय. कंपनी कधी काढावी, गुंतवणूक कधी घ्यावी आणि दोन वर्षांत हजार केंद्रांपर्यंत कसं पोहोचावं?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: तिघे मित्र, तिघेही पुण्यात आयटीत नोकरीला, गाव सांगली जिल्ह्यातलं. वजन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दहा दिवसांचं बिल सांभाळणारं ॲप निम्मं तयार आहे, पण पैसे देणारं गिऱ्हाईक अजून एकही नाही. अशा वेळी पंधरा दिवस कोड लिहिणं थांबवा, असं मी सुचवेन. हजाराचा आकडाही तूर्त बाजूला ठेवा. आधी अशी दहा केंद्रं हवीत, जी तुम्ही तिथे नसताना सलग तीन पगार (म्हणजे उत्पादकांची दहा-दहा दिवसांची दुधाची बिलं) तुमच्या ॲपवर बिनतक्रार काढतील. ती नसतील तर गुंतवणूक घेऊनही उपयोग नाही. ती असतील तर बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात.

2013च्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी घरपोच जेवण पोहोचवणारं डोअरडॅश सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे ॲप नव्हतं. पालो आल्टोतल्या काही रेस्टॉरंटांची मेनूकार्डं त्यांनी एका साध्या वेबपानावर टाकली, खाली स्वतःचा फोन नंबर दिला आणि ऑर्डर आली की स्वतःच जाऊन पोहोचवली. मागणी आहे की नाही हे कळायला त्यांना तेवढं पुरलं, आणि अडचणी कुठे येतात हेही दिसलं. तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा की तीन केंद्रांचं रजिस्टर घ्या आणि एक पूर्ण पगार स्प्रेडशीटवर तुम्ही काढून द्या. त्याचे पैसे घ्या, पाचशे रुपये का होईना. फुकट दिलेल्या कामात कोणी चूक दाखवत नाही. पैसे मोजलेला केंद्राचा सचिव, म्हणजे हिशेब सांभाळणारा माणूस, पहिल्याच दिवशी दाखवतो.

सचिवाला भेटाल तेव्हा ‘असं ॲप असेल तर वापराल का’ हे विचारू नका. घरी आलेल्या माणसाला कोणी नाही म्हणत नाही. त्याऐवजी मागच्या पगाराला चूक कुठे निघाली, ती कोणी शोधली, निस्तरायला किती वेळ गेला आणि कोणाच्या खिशातून पैसे गेले, हे विचारा. झालेल्या गोष्टीबद्दल माणूस खरं सांगतो. एक रात्र बसून बिलं केलीत की पुढच्या गोष्टी हमखास समोर येतील.

दरपत्रक ही त्यातली पहिली. गायीच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा पाया धरून दर ठरतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पण पायाच्या खाली प्रत्येक पॉइंटला किती कपात आणि वर किती वाढ, हे प्रत्येक दूध संघाचं वेगळं असतं, आणि दर पगाराच्या मधेच बदलतो. लॅक्टोमीटरच्या रीडिंगवरून एसएनएफ काढायच्या सूत्रातले आकडेही सगळीकडे एक नसतात. कोणी एक दशांश धरतं, कोणी दोन, कोणी पुढचा आकडा सोडून देतं. लिटरमागे दहा पैशांचा फरक पडला, तर रोज पंधरा लिटर घालणाऱ्या शेतकऱ्याच्या दहा दिवसांच्या पगारात पंधरा रुपये कमी-जास्त होतात. तो ते पाहतो आणि केंद्रावर येऊन बोलतो. म्हणून दर आणि सूत्र कोडमध्ये पक्कं बसवू नका. तारखेपासून लागू होणारी तक्त्यातली नोंद करा आणि जुन्या पावत्या जुन्याच दराने राहतील असं बघा.

दुसरी गोष्ट वेळेची. सकाळी सहा ते आठ रांग लागलेली असते. रोजच्या कामापेक्षा तुमच्या ॲपमुळे एका माणसामागे दहा सेकंद जास्त गेले, तरी 120 उत्पादकांच्या केंद्रावर वीस मिनिटं वाढतात. चौथ्या दिवशी सचिव पुन्हा वही काढतो. इंटरनेट गेलं, वीज गेली, तरी नोंद आणि पावती थांबता कामा नये. सगळं आधी मोबाइलमध्ये साठवा, सर्व्हरवर मागाहून जाऊ द्या. पावतीचा क्रमांकही केंद्रावरच तयार झाला पाहिजे, नाहीतर दोन फोनवरच्या नोंदी जुळवताना एकच दूध दोनदा चढतं.

तिसरी गोष्ट काटा आणि फॅट मशीनची. दोन्हींतून आकडे सीरियल पोर्टने येतात, पण प्रत्येक बनावटीची ओळ वेगळी, आकडे पाठवायचा वेग (बॉड) कुठे 2400, कुठे 9600. सगळी मशिनं जोडायच्या नादात वर्ष जातं. पहिल्या दहा केंद्रांसाठी तुमच्या भागात जास्त चालणाऱ्या दोनच बनावटी निवडा आणि बाकीच्यांना सध्या नाही म्हणा. हे सगळ्यांत जड जातं, कारण गिऱ्हाईक नसताना आलेल्याला परत पाठवायचं असतं. तरीही पाठवा.

ऑनलाइन पेमेंटची सोय देणाऱ्या स्ट्राइप कंपनीच्या कॉलिसन बंधूंची एक सवय इथे जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. कोणी ‘वापरून बघतो’ म्हणालं की ते नंतर लिंक पाठवत बसत नसत. समोरच्याचा लॅपटॉप मागून घेत आणि तिथल्या तिथे जोडून देत. तुम्हीही केंद्रावर बसून उत्पादकांची यादी, त्यांचे कोड, खातेक्रमांक, उचलीची (शेतकऱ्याने आगाऊ घेतलेल्या पैशांची) आणि पशुखाद्याची शिल्लक बाकी स्वतः भरून द्या. सुरुवात नेहमी 1, 11 किंवा 21 तारखेला करा. पगाराच्या मधे सुरू केलेलं केंद्र हिशेब जुळत नाही म्हणून सुटतं. पहिला पगार वही आणि ॲप दोन्हींवर चालू द्या आणि दहाव्या दिवशी सचिवासमोर एकेक ओळ ताडून बघा.

सगळं स्वतःच बांधायचा हट्टही नको. शेअर दलालीची कंपनी झिरोधा 2010 साली सुरू झाली आणि तिचं स्वतःचं ट्रेडिंग ॲप, काइट, 2015 मध्ये आलं. तोवर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरवर काम चाललं. नवेपण दलालीच्या दरात होतं, म्हणून चाललं. तुमचं नवेपण अचूक बिलात आणि उचलीच्या हिशेबात आहे. पावतीचा छोटा प्रिंटर, एसएमएस, बँकेची पेमेंट फाइल हे बाजारात मिळतं ते घ्या. एसएमएससाठी डीएलटी नोंदणी (टेलिकॉम कंपन्यांकडची) लागते, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. हे काम लवकर लावा, नाहीतर ऐन सुरुवातीला अडकाल.

आता वाढीचं. आकडेमोड करून बघा. समजा फी महिन्याला 500 रुपये. एक विक्रीचा माणूस ठेवलात, पगार 25,000 आणि पेट्रोल 8,000, आणि तो महिन्याला सहा केंद्रं आणतो. म्हणजे एका केंद्रामागे 5,500 रुपये गेले. ते वसूल व्हायलाच अकरा महिने, त्यात जोडणी आणि फोनवरची मदत धरलेली नाही. शिवाय महिन्याला शंभरातली पाच केंद्रं सुटत असतील, तर वर्षाअखेर त्यातली 54च उरतात. अशा स्थितीत विक्रेते वाढवले की तोटाच वाढतो. सुटणाऱ्यांचं प्रमाण महिन्याला एक-दोन टक्क्यांवर येईपर्यंत विक्रीवर पैसे लावू नका. सुटलेल्या प्रत्येक केंद्रावर प्रत्यक्ष जा. कारण बहुतेक वेळा नोकर बदलला, फोन बदलला किंवा एका पगाराला चूक निघाली, असं साधं असतं आणि दुरुस्त करता येतं. फी वर्षाची आगाऊ घ्या आणि त्यावर दोन महिने सवलत द्या. दर महिन्याला पाचशे गोळा करायला जाणं परवडत नाही.

विक्रीचा खर्च कमी करायचा तर केंद्रावर आधीपासून ये-जा असलेला माणूस धरा. फॅट मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक सचिवाच्या विश्वासातला असतो. पुण्याच्या कैलास आणि संजय काटकर यांचं क्विक हील हे अँटीव्हायरस संगणक दुरुस्तीच्या कामातूनच उभं राहिलं. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनांत व्हायरस सापडायचे, त्यावरचं औषध पुढे मुख्य धंदा झालं आणि संगणक विकणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांमार्फत ते गावोगाव पोहोचलं. मेकॅनिकला पहिल्या वर्षाच्या फीतला हिस्सा द्या. नूतनीकरणावरही थोडा ठेवा, म्हणजे केंद्र टिकवण्यात त्यालाही रस राहील.

दुसरा रस्ता म्हणजे संघाशी किंवा खासगी डेअरीशी करार, एका सहीत दोनशे केंद्रं. आकडा मोहात पाडतो. पण एकाच डेअरीकडून ऐंशी टक्के उत्पन्न येऊ लागलं की ती म्हणेल तो दर आणि ती म्हणेल ती नवी सोय. उधारीही लांबते. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडची नोंद) आधी करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत देणं कायद्याने बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि आयकरातल्या तरतुदीमुळे (1961 च्या कायद्यात कलम 43बी(एच)) मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. ही मुदत आणि व्याजाची अट करारात आधीच लिहिलीत तर पुढे भांडावं लागत नाही.

बाहेरच्या घटनांवरही लक्ष असू द्या. जानेवारी 2024 मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे पाच रुपये अनुदान दिलं, तेव्हा शेतकऱ्याचं बँक खातं आणि जनावराच्या कानातला बिल्ला यांची माहिती ऑनलाइन भरणं आलं. अशा वेळी ज्याच्याकडे ही माहिती नीट ठेवलेली, तो आठवड्यात उपयोगी पडतो. उत्पादकाच्या नोंदीत या रकान्यांची जागा आजच ठेवा.

कंपनी पहिलं पैसे देणारं केंद्र मिळाल्यावर काढलीत तरी चालेल, पण तिघांमधला लेखी करार आज करा. शेअर चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतील आणि पहिल्या वर्षाआत सोडून गेला तर काहीच मिळणार नाही, ही अट तिघांनाही लावा. मैत्री आहे म्हणून हे टाळू नका. त्यासोबत तुमच्या सध्याच्या नोकरीच्या करारात बौद्धिक संपदेचं कलम काय म्हणतं ते वाचा, आणि ऑफिसचा लॅपटॉप या कामाला अजिबात वापरू नका.

काही भाग बाहेरच्या फ्रीलान्सरकडून करून घेतला असेल, तर केवळ पैसे दिल्याने कोड तुमचा होत नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 19 प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नाही तर ते पाचच वर्षांचं धरलं जातं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. वर्षभरात हक्क वापरला नाही तर तो संपतो, करारात वेगळं नमूद नसेल तर. गुंतवणूकदाराचा वकील पहिल्यांदा हेच कागद मागतो.

गुंतवणुकीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या धंद्याला सुरुवातीला तिची गरज नाही. मुंबईत 2011 मध्ये सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकने (वेबसाइट वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासायची सोय देणारी कंपनी) बाहेरचा पैसा घेतला तो 2018 मध्ये. व्हेंचर फंडाला त्याच्या साधारण दहा वर्षांच्या आयुष्यात कित्येक पट परतावा हवा असतो. राज्यातली काही हजार केंद्रं आणि वर्षाला सहा हजार फी यात तो बसत नाही. केंद्राच्या हिशेबावरून शेतकऱ्याला कर्ज, विमा किंवा पशुखाद्य विकायची तयारी असेल, तरच तो हिशेब बदलतो. पण ती वेगळी कंपनी झाली, आणि तिला लागणारी परवानगी, माणसं आणि भांडवलही वेगळं. आधी एकाने नोकरी सोडावी, तीही वर्षाच्या आगाऊ फीतून त्याचा सहा महिन्यांचा घरखर्च निघेल तेव्हा. बाकी दोघांनी शनिवार-रविवार आणि पगाराचे दिवस सांभाळावेत.

शेवटचं, उचलीच्या माहितीबद्दल. कोणत्या शेतकऱ्याकडे किती उचल आहे हे शेजारच्या डेअरीला कळलं, तर ती तेवढे पैसे भरून त्याचं दूध वळवून घेते. म्हणून एका केंद्राची माहिती दुसऱ्याला किंवा संघाला परवानगीशिवाय दिसणार नाही, हे करारात लिहा आणि सचिवाला तोंडीही सांगा. मदतीसाठी तुमचा माणूस केंद्राच्या खात्यात शिरला तर त्याची नोंद सचिवाला दिसेल अशी सोयही पहिल्या आवृत्तीतच करा.