हातानं शिवलेली भेट द्यायची आहे, पण लोक ती खरंच वापरतील असं काय शिवू?

तुम्ही लिहिलंय की मशीन घेऊन वर्ष झालं, सरळ टीप आता नीट येते, दिवाळीला घरच्यांना आणि मैत्रिणीच्या बाळाच्या बारशाला स्वतः शिवलेलं काहीतरी द्यायचंय. पण मागच्या वर्षी दिलेले उशीचे अभ्रे त्या घरात पुन्हा कधी दिसले नाहीत, म्हणून मन कचरतंय.

माझे वडील शिंपी. कराडला आमचं शिलाईचं छोटं दुकान होतं. जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि दिवाळीच्या आधीचा महिना, या दोन घाईच्या दिवसांत शाळेतून आलो की मी काज-बटणाला बसायचो. पुढे मी बँकेत लागलो, पुण्यात आलो, पण वडिलांचं पायमशीन बरोबर आणलं. वीसेक वर्षं झाली, नात्यातल्या माणसांना मी बहुतेक शिवूनच देतो. तेव्हा अनुभवावरून सांगतो: ज्याला द्यायचंय त्याच्या घरी जा, रोजच्या वापरातलं काय झिजलंय ते बघा, आणि तेच नव्यानं शिवा.

सुरुवातीला मीही उलटं करायचो. आधी मला काय शिवावंसं वाटतंय ते ठरवायचं आणि मग ते कुणाच्या तरी गळ्यात घालायचं. खणाचा टेबलावरचा पट्टा, फोनचं पाकीट, भिंतीवर टांगायचे कप्पे. काम सुबक होतं, लोक कौतुकही करायचे. पण त्या घरात टेबलावर आधीच प्लास्टिकचं कव्हर होतं आणि कप्पे टांगायला भिंतीत खिळा नव्हता. ज्या वस्तूसाठी घरात जागाच नाही ती कपाटात जाते. तुमच्या अभ्र्यांचंही बहुधा तेच झालं असणार, त्यात तुमच्या शिलाईचा दोष नाही.

मग एकदा साताऱ्याला मामींकडे गेलो होतो. त्यांची भाजीची पिशवी दाराच्या मागे अडकवलेली. एक बंद तुटलेला, त्याला गाठ मारलेली, तळाला ठिगळ. मी म्हटलं, "मामी, नवी घ्या की." तर म्हणाल्या, "अरे, हिच्यासारखी मिळत नाही. काखेत बसते बघ बरोबर." मी ती पिशवी वर्तमानपत्रावर पसरली, पेनानं कडा आखून घेतल्या, बंदांची लांबी दोऱ्यानं मोजली आणि महिन्याभरात तशीच नवी नेऊन दिली. तेव्हापासून मला हा रस्ता सापडला.

पिशवीचंच आधी सांगतो, कारण 2018 मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवी नको म्हणणारं घर मला भेटलेलं नाही. चौदा इंच रुंद, सोळा इंच उंच, तळाचे दोन कोपरे तिरपे शिवून चार इंचांचा बसका तळ केला की टोमॅटो खाली आणि मेथी वर अशी भाजी नीट उभी राहते. कापड मांजरपाट किंवा जुनी जीन्स. जीन्सला सोळा नंबरची सुई लावा, नेहमीच्या चौदा नंबरनं दोरा तुटत राहील. पिशवी फाटते ती कापडातून क्वचित, बहुतेक वेळा बंदाच्या जोडावर. म्हणून बंद नुसता वरच्या काठात दाबू नका. तो आतून तीन इंच खाली उतरवा आणि त्यावर चौकोनी टीप घालून आत फुली मारा. वडील याला "चौकट-फुली" म्हणायचे. पाच किलो कांदे भरले तरी हा जोड सुटत नाही.

आता कापडाविषयी. आपल्या प्रत्येक घरात ओटीत आलेल्या ब्लाउजपीसचा गठ्ठा असतो. तो या घरातून त्या घरात नुसता फिरत असतो, आणि शिकणाऱ्यासाठी हे फुकटचं भांडार आहे. फक्त त्यात सुती किती हे बघून घ्या. कडेचा एक धागा ओढून पेटवा. कागद जळाल्यासारखा वास येऊन राख झाली तर सुती, वितळून टोकाला टणक गोळी झाली तर त्यात कृत्रिम धागा आहे. असलं कापड पिशवीच्या अस्तराला चालेल, बाळाच्या अंगाला नाही. आणि ब्लाउजचं अस्तर जसं आपण आधी भिजवून घेतो तसं सगळंच सुती कापड रात्रभर पाण्यात घालून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, टीप आटत नाही आणि शिवणीला चुण्या पडतात. गडद रंगाचं कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. मी एकदा हे केलं नाही. पांढऱ्या दुपट्याला लाल खणाची किनार लावली, आणि ज्या दिवशी ते पहिल्यांदा धुतलं त्या दिवशी सगळं दुपटं गुलाबी झालं. बहिणीनं ते तसंच वापरलं, पण मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं.

बारशासाठी मात्र माझं मत ठाम आहे: नवं कापड आणू नका. मैत्रिणीच्या आईला किंवा सासूबाईंना विचारून त्यांची एक जुनी सुती साडी मागून घ्या. आपल्याकडे तान्ह्या बाळाला जुन्या कापडातच गुंडाळतात, त्यामागे साधं कारण आहे. शंभर वेळा धुतलेल्या सुतातली खळ पूर्ण गेलेली असते, कापड मऊ आणि ओलं टिपणारं झालेलं असतं. नव्या कापडाला तो मऊपणा यायला वर्षं जातात.

साडी उजेडाकडे धरून बघा. जिथून उजेड जास्त येतो तिथं कापड विरलंय, तो भाग सोडा. उरलेल्यातून दुपट्यासाठी एक-एक मीटरचे दोन चौकोन काढा. सुलट्या बाजू समोरासमोर ठेवून चारी बाजूंनी टीप मारा, हात जाईल एवढी फट ठेवा, उलटवून घ्या, फट हातानं शिवा. मग चार-चार बोटांच्या अंतरावर हातानं धावदोरा घाला. आई वाकळ शिवायची तेव्हा दोरा बोटांपासून खांद्यापर्यंतच घ्यायची, त्याहून लांब नाही, म्हणजे गुंता होत नाही. दोऱ्याला मेणाचा हात द्यायची. कडेकडून सुरुवात करून आत आत यायची, आणि शेजारची कुणी आली की तीही दुसऱ्या टोकाला सुई घेऊन बसायची. मशीननं धावदोऱ्याचं काम होतं, पण कापड ताठ होतं. तुमच्याकडे दोन संध्याकाळ असतील तर हे हातानंच करा.

जमत असेल तर दुपट्याबरोबर झबलं आणि टोपडं द्या, म्हणजे लहानसा बाळंतविडा होतो. यात एकच चूक सगळे करतात: जन्मलेल्या बाळाच्या मापाचं शिवतात. जन्मताना बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो आणि सहा महिन्यांत तो 43 च्या आसपास जातो. बारशाच्या मापाचं टोपडं महिन्याभरात कपाळावर चढून बसतं. वाढत्या अंगाचं शिवा. झबल्याचा छातीचा घेर वीस इंच आणि लांबी अकरा इंच धरा, मागून उघडं ठेवा, दोन आखूड बंद लावा. गळ्याला क्रॉस पट्टी लावा, जुने कारागीर तिला उरेब म्हणतात. ती कापडाच्या तिरप्या रेषेवर कापलेली असली पाहिजे, सरळ कापलेली पट्टी गळ्याच्या गोलाईवर वळत नाही, उभी राहते. शिवणी बाळाच्या अंगाला टोचतात, म्हणून झबलं मलमलचं असेल तर अकरा नंबरची सुई लावून शिवण आत दुमडून पुन्हा टीप मारा, म्हणजे कापलेली कड उघडी राहत नाही.

मणी, टिकल्या, आरसे, घुंगरू, बटण यातलं काहीही लावू नका, कितीही मोह झाला तरी. सुटलेली टिकली पहिली तोंडात जाते. लांब नाड्याही नकोत. आणि एक गोष्ट मी आता करत नाही: मोहरीची उशी. पूर्वी आईनं नात्यातल्या कितीतरी बाळांसाठी शिवली, पण पहिल्या वर्षी झोपलेल्या बाळाजवळ उशी आणि सैल पांघरुणं नसावीत असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, म्हणून कुणी मागितली तर मी समजावून नाही म्हणतो. दुपटंही देताना सांगतो की अंगाखाली घालायला आणि मांडीवर घ्यायला आहे, झोपेत अंगावर टाकायला नाही. त्याऐवजी बाळाच्या पहिल्या संक्रांतीला बोरन्हाणासाठी काळं झबलं शिवून द्या. ते काळं कापड ऐन वेळी मिळत नाही, आयांची धावपळ होते, आणि आधीच हातात आलं की त्यांना फार बरं वाटतं.

मोठ्यांसाठी शिवताना ब्लाउज किंवा कुर्ता अचानक भेट म्हणून देण्याच्या भानगडीत पडू नका. अंगावर बसणारं कापड माप घेतल्याशिवाय होत नाही, आणि नीट बसलं नाही तर घेणाऱ्याला ते सांगताही येत नाही. लहान मुलींच्या फ्रॉकचं तसं नाही. तिथं शिवणीत एक इंच माया ठेवा आणि घेराच्या आतल्या बाजूला दोन कच, म्हणजे आडव्या शिवलेल्या घड्या, घाला. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आमच्या दुकानात "माया" म्हणायचे. दोन वर्षांनी कच उसवले की तोच फ्रॉक पुन्हा अंगाला येतो. आमच्याकडे गणवेश शिवायला येणारा प्रत्येक बाप सांगायचा, "माया सोडा जरा." मी लहानपणी त्या शब्दाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आता पुतणीचा फ्रॉक कापताना खडूनं ती जास्तीची रेघ मारली की वडिलांचा आवाज ऐकू येतो.

माझ्या हातून झालेली सगळ्यांत चांगली भेट सांगतो, म्हणजे "काय झिजलंय ते बघा" म्हणजे नेमकं काय ते कळेल. आत्याला रोज तीन वेळा गोळ्या असतात. त्या ती एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवायची, आणि कुठली सकाळची, कुठली रात्रीची यात रोज गोंधळ. तिच्याच ट्रंकेत माझ्या आजीची चंची होती. तरुण वाचकांसाठी सांगतो: पान, सुपारी, कात, चुन्याची डबी वेगवेगळी राहावी म्हणून कापडाचे कप्पे करून, गुंडाळून, दोरीनं बांधायची ती चंची. आजीची पार विरली होती. मी तीच गोळ्यांसाठी शिवली.

नऊ इंच रुंद आणि सोळा इंच लांब असे दोन तुकडे घ्या, एक बाहेरचा, एक अस्तराचा. कप्प्यांसाठी नऊ बाय आठचे तीन तुकडे, प्रत्येक मधोमध दुमडून नऊ बाय चारचा केलेला, घडी वर. पहिला कप्पा अस्तराच्या खालच्या कडेला लावा. दुसरा आणि तिसरा साडेचार-साडेचार इंच वर सरकवून. या दोन्हींतला प्रत्येक कप्पा आधी उलटा, तोंड खाली करून ठेवायचा, कापलेल्या कडेवर टीप मारायची आणि मग वर पलटवायचा, म्हणजे कड आत झाकली जाते. मग बाहेरचा तुकडा सुलट बाजू आत करून त्यावर ठेवा, तीन बाजू शिवा, उलटवा, वरची कड आत दुमडून मधोमध दीड फुटाची नाडी घालून टीप मारा. वरचे तीन इंच झाकणाला उरतात. गोळ्यांची पाकिटं कप्प्यात आडवी बसतात. मी तीन कप्प्यांवर दोऱ्यानं सूर्य, भाकरी आणि चांद काढला, कारण आत्याला बारीक अक्षरं दिसत नाहीत. आत्या जिथं जाईल तिथं कमरेला ती चंची असते. आमच्या ओळखीतल्या चार घरांतून आतापर्यंत तशाच चंच्यांची मागणी आलीय.

तर दिवाळीच्या आधी एक रविवार शिवायला नाही, बघायला ठेवा. ज्यांना द्यायचंय त्यांच्या घरी चहाला जा. दाराच्या मागे, ओट्याजवळ, देवघरात, उशाशी नजर टाका. पकडीच्या फडक्याला भोक पडलेलं असेल, जपाच्या माळेची गोमुखी फाटलेली असेल, चष्म्याचं घर उसवलेलं असेल. मोजमाप मनात घ्या, विचारू नका. आणि मशीनला तेल दिलं असेल तर आधी चिंधीवर दोन-चार ओळी शिवून मगच भेटीचं कापड सुईखाली घ्या, तेलाचा डाग फिक्या कापडावरून सहज जात नाही.

मामींची ती पिशवी गेल्या महिन्यात माझ्याकडे परत आली. मामेभाऊ पुण्याला आला तेव्हा त्याच्याबरोबर पाठवली, आत तिळाची चटणी आणि निरोप: "तळ फाटलाय, बंद अजून पक्के आहेत. तळ तेवढा बदलून दे." जीन्सचा तुकडा भिजवून वाळत घातलाय, येत्या रविवारी बसवणार आहे.