नाव परत येतं, पिस्टनचं काय?

तुम्ही विचारलंय, ‘जावा-येझदी ही मोटरसायकलींची नावं लोकांना आधीच पाठ आहेत, मग अशी बंद पडलेली कंपनी पुन्हा उभी करणं एवढं अवघड का?’ तुमचा सगळा भर नावावर आहे, म्हणूनच लिहायला बसलो.

माझे बाबा गोव्यात, फोंड्याला मोटरसायकल पायलट होते, म्हणजे मोटरसायकलवरून भाड्याने माणसं सोडायचे. गाडी येझदी रोडकिंग. डाव्या बाजूला एकच दांडा, आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. 1996 साली म्हैसूरचा आयडियल जावाचा, म्हणजे जावा-येझदी बनवणारा कारखाना बंद पडला, तेव्हा आम्हाला काहीच जाणवलं नाही, कारण दुकानांत सुट्या भागांचा माल होता. दोन-तीन वर्षांत तो संपला आणि ‘ओरिजिनल’ म्हणून वाट्टेल ते विकलं जाऊ लागलं.

1999 च्या मे महिन्यात आम्ही बेळगावला मावशीकडे निघालो होतो. मी मागे, मांडीवर मानकुराद आंब्यांची पिशवी. मोले सोडून अनमोडचा घाट चढू लागलो, इंजिनाचा आवाज बारीक झाला आणि मागचं चाक जागच्या जागी जॅम. बाबांनी त्याच क्षणी क्लच दाबला म्हणून आम्ही पडलो नाही. अर्धा तास कडेला बसून राहिलो. बाबा मध्येमध्ये सिलिंडरजवळ हात नेऊन किती तापलाय ते बघायचे. मग किक हाताने दाबून पाहिली, कण्हत कण्हत हलली. तसेच उतारावरून गाडी बंद ठेवून परत मोल्याला.

मिस्त्रीने सिलिंडर उघडला तर त्यात वर-खाली होणाऱ्या पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, नखाला लागतील एवढे खोल. दोन महिन्यांपूर्वीच घातलेला डुप्लिकेट पिस्टन. धातू हलका, तापला की नको तेवढा फुगतो. सिलिंडर बोअर करायचा, म्हणजे आतून कापून थोडा रुंद करायचा, तर पुढच्या मापाचा पिस्टन हवा. तो फोंड्यात, बेळगावात, कोल्हापुरात कुठेच मिळाला नाही. दोन वर्षं गाडी पडवीत उभी राहिली. दादा म्हणाला, ‘कंपनी मेली, गाडी मेली,’ आणि भंगारात देऊन मोकळा झाला. बाबांनी त्याआधी किकचा दांडा तेवढा काढून घेतला.

2018 च्या नोव्हेंबरात जावा परत आली. महिंद्रच्या पाठबळावर क्लासिक लेजेंड्स या कंपनीने आणली. त्याच दादाचा पुण्याहून फोन: ‘बघ, आपली गाडी परत आली!’ दादा, आपली गाडी नव्हे. ती टू-स्ट्रोक होती, पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारी, ही 293 सीसीची, पाण्याने थंड होणारी फोर-स्ट्रोक. दोन सायलेन्सर ठेवले, कारण लोकांना ते आठवतात. जुनं इंजिन आजच्या प्रदूषणाच्या नियमांत बसणारच नाही, म्हणजे नाव जुनं ठेवून गाडी मुळापासून नवी करावी लागते. वर गिऱ्हाईक तिची तुलना वडिलांच्या गाडीशी करणार. आणि नाव तरी कुठे फुकट मिळतं? येझदी या नावावर हक्क कुणाचा, यावरून कर्नाटक उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं भांडण झालं.

रॉयल एनफिल्डकडे बघा. इंग्लंडमधली कंपनी 1970 च्या सुमारास संपली, पण 1955 साली स्थापन झालेल्या मद्रासच्या कंपनीचा कारखाना चालूच राहिला. म्हणून गावोगावचा मिस्त्री बुलेट विसरला नाही आणि क्लच प्लेट मिळायची थांबली नाही. इंग्लंडमधल्याच बुडालेल्या ट्रायम्फचं नाव जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने 1983 साली घेतलं आणि नव्या गाड्या 1990 साली दाखवल्या. मधली सात वर्षं कारखाना आणि इंजिन उभं करण्यात गेली. एवढा धीर कुणाकडे असतो?

गाडी घ्यायची असेल तर शोरूममध्ये टाकीवर हात फिरवत बसू नका. आधी स्पेअरच्या दुकानात जा आणि क्लच केबल, ब्रेक पॅड, पिस्टन किट मागा. मग तुमच्या मिस्त्रीला विचारा, इंजिन उघडशील का? तो गप्प राहिला तर थांबा.

जुनी गाडी सोन्याची होती असं मात्र मी म्हणत नाही. धूर ओकायची, पेट्रोल प्यायची, पावसात दिवा मिणमिणायचा. नवीन गाडी मी स्वतः चालवलेलीही नाही, तेव्हा ती वाईट आहे असं माझं म्हणणं समजू नका. दादाला घ्यायचीय तर त्याने खुशाल घ्यावी. फक्त ‘कंपनी मेली, गाडी मेली’ हे वाक्य त्याने मागे घ्यावं. 2001 मध्ये ती गाडी एका पिस्टनवाचून गेली. किकचा दांडा अजून माझ्याकडे आहे.