अडथळ्यापुढे घोडा घाई का करतो?

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा घोडा ड्रेसाजच्या (स्वाराच्या इशाऱ्यावर ठरावीक हालचाली अचूक करण्याच्या) सरावात शांत असतो, परंतु उडीचा अडथळा दिसताच तो लगाम ओढून धावत सुटतो. दोन्ही प्रकार एकत्र शिकवल्याने त्याचा गोंधळ होत असेल का?

उत्तर : गोंधळाची शक्यता कमी वाटते. १९१२ च्या ऑलिंपिकपासून खेळल्या जाणाऱ्या इव्हेंटिंगमध्ये एकच घोडा ड्रेसाज, क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातील अडथळ्यांची दौड) आणि शो जंपिंग (रिंगणातील अडथळ्यांवरून उड्या) या तिन्ही कसोट्या देतो. धावत सुटणे हे पुष्कळदा उत्साहाचे नव्हे, तर धास्तीचे लक्षण असते. म्हणून पाठदुखी, दात आणि खोगिराचे माप यांची तपासणी पशुवैद्याकडून व जाणकाराकडून आधी करून घ्यावी. त्यानंतर काही आठवडे उड्या पूर्ण थांबवून, जमिनीवर सुमारे १.३ मीटर अंतराने ठेवलेल्या दांड्यांवरून त्याला दुडक्या चालीने न्यावे, म्हणजे पाऊल कुठे टाकायचे हे तो स्वतः मोजू लागेल. अंतर मात्र त्याच्या पावलाप्रमाणे कमीजास्त करावे लागेल. त्याने वेग वाढवला, तर लगाम सतत खेचून न धरता मोठ्या वर्तुळात वळवावे आणि लय परतल्यावरच दांड्यांकडे यावे. रिकिबी ड्रेसाजपेक्षा आखूड ठेवाव्यात. उडीच्या क्षणी स्वाराचा हात मागे राहिला, तर घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो, आणि (हे ऐकायला कुणालाच आवडत नाही) घाईचे मूळ अनेकदा तिथेच सापडते.