माझा धाकटा भाऊ मतिमंद आहे. स्थळांना त्याच्याबद्दल सांगायची लाज वाटते. त्याला मनापासून स्वीकारू कसं?

वयाने मोठी आहे म्हणून ‘तू’ म्हणते. तुझा प्रश्न वाचून पुढे जाणार होते, पण त्याखाली तू लिहिलेल्या एका वाक्याला अडकले: ‘आईबाबा म्हणतात, पाहुणे येतील तेव्हा त्याला काकांकडे ठेवू.’ आमच्याकडे काका नव्हते. मंगल कार्यालयाची वरची खोली होती.

माझा दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. डाऊन सिंड्रोम. जन्म सांगलीचा, जुलै १९८०. महिना सांगायचं कारण, त्या वर्षी १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं. खग्रास पट्टा खाली कर्नाटकातून गेला, आमच्याकडे खंडग्रास, तरी दुपारचं अंधारून आलं होतं म्हणे. आई तेव्हा पोटुशी होती आणि तिने विळीवर भाजी चिरली. आजी मरेपर्यंत हेच ऐकवत राहिली. आईला ते इतकं पटलंय की अजूनही ग्रहण असलं की ती कुकरसुद्धा लावत नाही. खरी गोष्ट एवढीच की दादाला एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन आहेत, आणि ते गर्भ राहिला तेव्हाच ठरलेलं होतं. ग्रहण लागलं तोवर सगळं कधीच होऊन गेलं होतं. डॉक्टर लोकांना हे १९५९ सालापासून माहीत आहे. आमच्या नातेवाइकांपर्यंत पोचायला पन्नास वर्षं लागली, आणि काहींचा पत्ता अजून सापडलेला नाही.

२००८ साली माझ्यासाठी बघायला लागले. बायोडेटात ‘भाऊ: १’ इतकंच. मोठ्या मावशीचा नियम होता, पहिल्या बैठकीत काही बोलायचं नाही, मुलगी पसंत पडली की मग हळूच कानावर घालू. हळूच कानावर घातल्यावर दोन स्थळं ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून गेली. पत्रिका तर बघायला यायच्या आधीच जुळवलेल्या होत्या!

तिसरं स्थळ मिरजेचं, म्हणजे आमचे हे. ते आले त्या दिवशी दादाला शेजारी टीव्ही बघायला पाठवलं. पोहे झाले, चहा झाला, भिंतीवरच्या फोटोत हा कोण असं कुणी विचारलं नाही. मावशी खूश. लग्नानंतर सात महिन्यांनी मला कळलं की ह्यांच्या मामांनी आदल्या आठवड्यातच आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत चौकशी केली होती. सगळ्यांना सगळं माहीत होतं. आम्ही कधी सांगतो याची ते वाट बघत होते. आम्ही सांगितलं ते थेट सुपारी फुटायच्या आदल्या दिवशी, आणि ह्यांनी नुकतंच कळल्यासारखा चेहरा केला. त्या चेहऱ्याबद्दल मी अजून त्यांना पूर्ण माफ केलेलं नाही, पण तो आमचा घरचा विषय.

खरं लिहायचंय ते कानपिळीबद्दल. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि त्याला काहीतरी भेट मिळते, हे तुला माहीतच आहे. दादाने चुलत, मावस, आते सगळ्या बहिणींच्या लग्नांत ते पहिल्या रांगेत बसून पाहिलं होतं. आपली पाळी येणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझं ठरल्यापासून महिनाभर तो तालीम करत होता. बाबांचा कान, माझा कान, दूध द्यायला येणाऱ्याचासुद्धा. भेट काय घ्यायची तेही ठरलेलं, घड्याळ. काट्यांचं पाहिजे, आकड्यांचं नको. वेळ त्याला कळत नाही. तरी काट्यांचंच.

लग्नाच्या चार दिवस आधी मावशी म्हणाली, “मांडवात चारशे माणूस असणार. तो जोरात पिळेल, हसेल, सोडणारच नाही. व्हिडिओत कायमचं राहील ते. आपला सुहास करेल की.” सुहास म्हणजे तिचा मुलगा, माझा मावसभाऊ. बाबा काही बोलले नाहीत. आईने माझ्याकडे बघितलं. म्हणजे मला विचारलं गेलं होतं, हे लक्षात घे. मी म्हणाले, “चालेल.”

होमाच्या वेळी दादा वरच्या खोलीत होता. शेजारचे काका त्याच्यासोबत होते, पुढ्यात जिलेबीचं ताट होतं. सुहासने कान पिळला, त्याला घड्याळ मिळालं. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी दादाने माझा हात धरला, मनगट उलटंपालटं करून बघितलं आणि विचारलं, “घड्याळ?” तो रडला वगैरे नाही. त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी जपून ठेवलंय.

दिवाळसणाला ह्यांनी स्वतः घड्याळ आणलं आणि स्वयंपाकघरात कान पुढे केला. दादाने असा पिळला की दुसऱ्या दिवसापर्यंत लाल. सगळे हसले, आई रडली. पण ते मांडवात नव्हतं. घरात होतं, दार लोटून.

आता तुझा प्रश्न. स्वीकारायचं कसं, ते मला माहीत नाही. लाज अजून वाटते. बसमध्ये दादा अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपतो तेव्हा माझी मान आपोआप खिडकीकडे वळते, एकेचाळिसाव्या वर्षीही. फरक इतकाच की लाज गेल्यावर त्याला पुढे आणीन, असं आता मी म्हणत नाही. लाज वाटत असतानाच त्याला पुढे आणते. वास्तुशांतीला नारळ त्याने फोडला. मुलाच्या मुंजीत मामाचा मान त्याचा होता. मन तयार व्हायची वाट बघत बसलीस तर तुझ्या लग्नातही कान दुसराच कुणीतरी पिळेल.

आणि समाज समाज करू नकोस. माझ्या बाबतीत समाज म्हणजे चार माणसं होती. मावशी, गप्प बसलेले बाबा, मरूनही घरात असलेली आजी, आणि मी. ते चारशे लोक जेवून गेले असते. ‘देवाचं लेकरू आहे हो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र जपून राहा. आमच्याकडे जे सगळ्यात जास्त तसं म्हणायचे, त्यांच्याच लग्नपत्रिकेवर दादाचं नाव नसायचं. २०१५च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवर ‘दिव्यांग’ शब्द सुचवला, तेव्हा मावशीने लगेच तो घेतला. शब्द बदलायला तिला एक दिवस पुरला.

स्थळांना पहिल्या फोनवरच सांग. बघायला यायच्या आधी. जे गळतील ते गळू देत, पोह्यांचा खर्च वाचेल. ‘पुढे मुलांना होईल का’ हे विचारणारच, म्हणून उत्तर तयार ठेव. ‘मतिमंद’ हे काही निदान नव्हे, तुझ्या भावाला नेमकं काय आहे ते आधी माहीत करून घे. डाऊन असेल तर साधारण ९५ टक्के वेळा तो घराण्यातून येत नाही. दादाची गुणसूत्रांची तपासणी आम्ही माझं लग्न झाल्यावर केली. तो कागद वर्षभर आधी हातात असता तर मावशीचं निम्मं तोंड बंद झालं असतं.

दुसरं, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. अठरा वर्षं पूर्ण झाली की आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. डाऊनची मुलं बौद्धिक अक्षमतेत धरतात, त्यांना तो लागू आहे. उद्या भावाला तूच सांभाळणार असशील तर ते होणाऱ्या नवऱ्याला आत्ताच सांग, ‘बघू पुढे’ नको. तो तुझ्यावर अवलंबून असेल तर आयकरात अपंग अवलंबितांसाठीची वजावट (१९६१च्या कायद्यात कलम ८०डीडी) भाऊ-बहिणीसाठीही मिळते. जुनी करप्रणाली घेतलीस तरच, म्हणून आधी हिशोब कर. थायरॉइड दर वर्षी तपासा. डाऊनच्या माणसांना विसरभोळेपणाही लवकर गाठतो. दादा पंचेचाळीसचा झालाय आणि गेल्या वर्षी दोनदा स्वतःच्या गल्लीचं वळण चुकला.

हे आधी लिहायला हवं होतं: माझा दादा स्वतःच्या हाताने जेवतो, अंघोळ करतो, कुणावर हात उगारत नाही. तुझा भाऊ मारत असेल, त्याला उचलून न्यावं लागत असेल, रात्र रात्र झोपत नसेल, तर वरचं निम्मं तुझ्या कामाचं नाही आणि तुला उपदेश करायचा मला हक्कही नाही. डाऊनमध्येसुद्धा तीन-चार टक्के वेळा गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो. तो आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो, मग बहिणीनेही तपासणी करून घ्यावी. म्हणजे माझ्या ९५ टक्क्यांवर विसंबू नकोस, कागद बघ.

मावशी अजून प्रत्येक कार्यात सांगते, “मी तेव्हा धोरणाने घेतलं म्हणून हिचं लग्न झालं.” मी आजवर उलट बोलले नाही. तिची सून इथे उत्तरं वाचत असते, म्हणून लिहून ठेवते. मावशी, त्यांना पोहे खायच्या आधीपासून माहीत होतं. गिरणीत विचार.