गोल्फ क्लबचे नऊ लाख आणि चिरंजीवांची पॉलिसी

पुण्याहून, बाणेरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 38, आयटीत नोकरी, हातात पगार 1 लाख 65 हजार. पत्नी घर सांभाळते. मुलगी साडेनऊची, मुलगा सहाचा. सुट्टीत एका रिसॉर्टवर मुलांनी तासभर गोल्फ खेळून पाहिला, मुलीचे दोन-तीन फटके झकास बसले, आणि आता दर रविवारी चौघांनी मिळून जायचं म्हणून फॅमिली मेंबरशिप घ्यायची आहे. दहा वर्षांचे नऊ लाख, शिवाय महिन्याला साडेचार हजार. दीड लाख रोख भरायचे, बाकीचे साडेसात लाख 13 टक्क्यांच्या पर्सनल लोनमधून. 'घेऊ का? मेंबरशिपची किंमत वाढत जाते म्हणतात, आणि मुलीला पुढे अमेरिकेत स्पोर्ट्स स्कॉलरशिपही मिळू शकते. म्हणजे एका अर्थी ही गुंतवणूकच ना?'

नाही हो. ही हौस आहे. हौस जरूर करावी, पण तिला गुंतवणूक म्हटलं की हिशेब करायचा राहून जातो. तो मी करतो. चार वर्षांत कर्जाचे हप्ते पावणेदहा लाखांच्या घरात, दीड लाख रोख, आणि दहा वर्षांचं मासिक शुल्क सुमारे साडेपाच लाख. झाले साडेसोळा ते सतरा लाख. पावसाळा, परीक्षा, लग्नकार्यं धरून महिन्यातून दोनदा गेलात तरी खूप. म्हणजे दर खेपेला सात हजार, कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, आणि खाणंपिणं वेगळं. किंमत वाढते असं कोण म्हणालं? विकणारा. मग मेंबरशिप दुसऱ्याच्या नावावर करताना क्लब किती कापून घेतो, तेही त्यालाच विचारा. लेखी.

स्कॉलरशिपचं म्हणाल, तर साडेनऊ वर्षांच्या मुलीच्या तीन फटक्यांवर कर्ज काढायला माझी संमती नाही. बंगळुरूची गोल्फपटू अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिथे तिची बॅग वाहायला आई होती. अशा घराचं सगळं वेळापत्रक मुलीच्या खेळाभोवती फिरतं. तुम्हाला रविवारची सहल हवी आहे. दोन्ही चांगलं, पण एकाचा खर्च दुसऱ्याच्या स्वप्नावर टाकू नका.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर, खर्चाच्या यादीत, शाळेची फी आणि घराचा 52 हजारांचा हप्ता यांच्या मध्ये एक ओळ आहे: 'मुलांचे चाइल्ड प्लॅन, प्रत्येकी 1 लाख वार्षिक. माझा विमा ऑफिसचा आहे, 50 लाख.' ती वाचून मी चहा बाजूला ठेवला.

दोन्ही पॉलिसींत विमा आहे मुलांच्या जिवावर. देव न करो, पण तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसी घरात एक रुपया आणणार नाहीत. उलट पुढचे हप्ते मागतील, कारण हप्ते माफ होण्याचा रायडर, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कलम, तुम्ही 'प्रीमियम वाढत होता म्हणून' घेतला नाही. सहा वर्षांच्या पोराच्या कमाईवर तुमचं घर चालतं का? मग विमा त्याचा कशाला? कमावते तुम्ही एकटे, डोक्यावर 58 लाखांचं गृहकर्ज, आणि ऑफिसचे 50 लाख नोकरीबरोबर जाणारे. आयटीतल्या माणसाला हे मी सांगायला हवं का?

आता परतावा. तुम्हीच लिहिलंय: बारा वर्षं लाख-लाख भरायचे, विसाव्या वर्षी 'साधारण 22 लाख' मिळणार. बारा भरून बावीस, ऐकायला छान. दर निघतो सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. हेच हप्ते पीपीएफमध्ये, आजचा 7.1 टक्के दर तसाच राहिला असं धरून, 33 लाखांच्या पुढे जातात. अकरा लाखांचा फरक बँकेत पॉलिसी विकणाऱ्या त्या गोड बोलणाऱ्या पोराच्या टार्गेटला वाहिलात.

मुलाची पॉलिसी कुरिअरने येऊन अठरा दिवस झाले, असं तुम्ही लिहिलंत. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, याला फ्री-लुक म्हणतात. स्टॅम्प ड्यूटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि झालेल्या दिवसांच्या विम्याचा थोडा आकार वजा जाऊन बाकीचा लाख परत. उत्तर छापून येईपर्यंत ही मुदत टळेल म्हणून मी तुम्हाला आधीच ईमेल केला आहे. बँकेत गेलात तर 'साहेब, एक वर्ष चालू ठेवा' म्हणतील. ऐकू नका. अर्ज थेट विमा कंपनीकडे द्या आणि पोच घ्या.

मुलीच्या पॉलिसीचे पाच हप्ते गेलेत. कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आज सोडली तर किती मिळेल, आणि हप्ते थांबवून पेड-अप केली, म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू ठेवली, तर मुदतीअंती किती. बहुधा पेड-अप बरी पडेल, पण आकडे येऊ द्यात. दरम्यान तुमच्या स्वतःच्या जिवावर दोन कोटींचा साधा टर्म प्लॅन, साठीपर्यंतचा. सिगारेट ओढत नसाल आणि तब्येत ठीक असेल तर वर्षाला तीस-पस्तीस हजारांच्या आसपास. मुदतभर तुम्ही सुखरूप राहिलात तर यात पैसे परत मिळत नाहीत, आणि 'परत मिळणारा' प्रकार कोणी दाखवला तर उठून या.

मग रविवारचं काय? जरूर जा. मागच्या हिवाळ्यात मी भाच्यांना एका ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फच्या लांब फटक्यांचा सराव करायच्या मैदानावर, नेलं होतं. बादलीभर बॉल, मागून घेतलेल्या दोन छोट्या स्टिक. वीस मिनिटांत दोघांनी फटक्यांचा नाद सोडला आणि बॉल गोळा करणाऱ्या जाळीच्या गाडीवर नेम धरायला लागले. गाडीवर बॉल आदळला की ठण्ण आवाज, की दोघंही लोळण घेऊन हसणार. अठरा होलची फेरी चार-पाच तासांची असते. सहा वर्षांचं पोर तिसऱ्या होलला 'किती राहिलं' विचारतं. त्यापेक्षा रेंज, पटिंग ग्रीन (बॉल हळूच होलमध्ये ढकलायचा सराव करायची हिरवळ) आणि नंतर नाश्ता. मुलांच्या स्टिक उंचीप्रमाणे घ्याव्या लागतात, वर्ष-दोन वर्षांत लहान पडतात, त्यामुळे पूर्ण सेट नको. होलमध्ये बॉल ढकलायला एक पटर, फटके मारायला एक सात नंबरची आयर्न, त्याही कोणाच्या मोठ्या झालेल्या मुलाच्या. महिन्याला तीन-चार हजार बाजूला काढा. वर्षभर मुलांनी स्वतःहून 'चला' म्हटलं तर मला पुन्हा लिहा. फ्री-लुकच्या अर्जाची पोच मात्र याच आठवड्यात पाठवा.